‘सावकारी पाश’ : एका लुप्त मूकपटाची साधनचिकित्सा

१

मोडी रुमाल, ताम्रपट, शिक्के आणि पोथ्या यांच्या चर्चेसाठीं राखलेल्या या पृष्ठांत चित्रपटासारख्या अर्वाचीन विषयाचा प्रवेश कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि विषयाचें स्वरूप ध्यानांत घेतलें असतां ही शंका टिकणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. मूळ ग्रंथ नष्ट झाला, परंतु त्याचें नांव, त्याच्या कर्त्याचें नांव, विषयाचा गोषवारा आणि इतरांनीं केलेले उल्लेख शिल्लक राहिले, ही स्थिति संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास नवी नाहीं. गुणाढ्याची बृहत्कथा आज कोणाच्याही हातीं नाहीं. तरी सोमदेव, क्षेमेंद्र व बुधस्वामी यांच्या ग्रंथांवरून तिच्याविषयीं पुष्कळ सांगतां येतें, आणि काय सांगूं नये हेंही ठरवितां येतें.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२५ सालीं काढलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपट अशाच लुप्त ग्रंथांच्या पंक्तींत बसतो. पुढें व्ही. शांताराम या नांवानें देशभर गाजलेले शांताराम राजाराम वणकुद्रे यांनीं नायकाचें काम प्रथम केलें तें याच चित्रपटांत. त्याची प्रत आज उपलब्ध नाहीं. प्रस्तुत लेखांत या चित्रपटाविषयीं निश्चित काय मानावें, कोणतें विधान मागें घ्यावें, आणि अद्याप कोठें शोध करितां येईल, या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें योजिलें आहे. तिसऱ्या प्रश्नाशीं आमच्या एका जुन्या चुकीचा संबंध आहे; तिची कबुली लेखाच्या अखेरीस येईल.

२

प्रथम चित्रपट काढणाऱ्या संस्थेविषयीं. कै. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजीं झाला. ते व त्यांचे बंधु आनंदराव हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नांवारूपास आले. चित्रपट काढण्याची उमेद मूळ दोघांची. परंतु आनंदराव १९१६ सालीं निवर्तले आणि पुढील भार एकट्या बाबूरावांवर पडला. १ डिसेंबर १९१७ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापनादिन म्हणून कोल्हापुरांत पाळण्यांत येतो. कांहीं ग्रंथांत मात्र १९१८ हें साल दिलेलें आढळतें. संस्थेची कल्पना, भांडवलाची जुळवाजुळव व प्रत्यक्ष कामाचा आरंभ हे एका दिवसांत घडत नाहींत, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा भेद फारसा अडचणीचा राहत नाहीं. तानीबाई कागलकर यांनीं भांडवलासाठीं दहा हजार रुपये दिले. कॅमेरा परदेशांतून आणण्याऐवजीं बाबूरावांनीं तो विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें येथेंच तयार केला. त्या उद्योगाचें स्मरण म्हणून आमच्या शिवाजी पेठेपासून जवळच, खरी कॉर्नर येथें, कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभारलेला आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुणें येथील आर्यन चित्रपटगृहांत लागला. विराटपर्वांतील कीचकवध त्यांत इतका प्रत्ययकारी साधला होता, कीं परीक्षक मंडळानें त्या दृश्यावर आक्षेप घेतला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटाच्या निमित्तानें. कीचकाचें काम झुंजारराव पवार यांनीं व सैरंध्रीचें काम गुलाबबाई ऊर्फ कमलादेवी यांनीं केलें. हीं दोन नांवें वाचकांनीं लक्षांत ठेवावींत; तीं पुढें पुन्हा येणार आहेत. त्यानंतर ‘सुरेखाहरण’ (१९२१), ‘सिंहगड’ (१९२३), ‘कल्याण खजिना’ (१९२४) असे चित्रपट निघाले. यांपैकीं शेवटच्या चित्रपटास वेंबले येथील साम्राज्य प्रदर्शनांत पदक मिळालें. म्हणजे १९२५ सालापर्यंत या कंपनीची कीर्ति देवादिकांच्या व इतिहासाच्या कथांवर उभी राहिली होती, आणि तो मार्ग फायद्याचाही होता. असें असतां बाबूरावांनीं आपल्या काळांतील एका कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा हातीं घेतली. या निवडीचें मोल समजण्यासाठीं कंपनीचा हा पूर्वेतिहास ध्यानांत असणें अवश्य आहे.

३

चित्रपटाच्या अंगाविषयीं पुढील गोष्टी निश्चित मानण्यास हरकत नाहीं. दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचें. छायालेखनांत एस. फत्तेलाल यांचा हात. सावकाराच्या कामांत झुंजारराव पवार, स्त्रीभूमिकेंत कमलादेवी, तरुण शेतकऱ्याच्या कामांत शांताराम. याखेरीज केशवराव धायबर प्रभृति मंडळी. मूळ कथा नारायण हरि आपटे यांची.

येथें नामसादृश्यानें होणाऱ्या एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणें इष्ट आहे. ‘सिंहगड’ या चित्रपटास आधारभूत झालेली ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची, तर ‘सावकारी पाश’ नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) यांचा. नांवांचा क्रम उलटा, आडनांव एक, आणि कंपनीही एकच, म्हणून गफलत होणें सोपें आहे. नारायण हरि यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनीं १९३७ सालीं ‘कुंकू’ काढला. तेव्हां लेखक व नट म्हणून या दोघांचा १९२५ सालीं आलेला संबंध बारा वर्षांनीं लेखक व दिग्दर्शक या नात्यानें पुन्हा जुळून आला, असें म्हणतां येतें.

कथानकाचा सांगाडा असा : एका शेतकऱ्याची जमीन लोभी सावकाराच्या घशांत जाते आणि तो गांव सोडून शहरांत गिरणी कामगार होतो. याहून अधिक तपशील कित्येक ठिकाणीं रंगवून सांगितलेला दिसतो; परंतु तो मूकपटाचा कीं पुढील बोलपटाचा, हें ठरविल्यावांचून स्वीकारूं नये. तथापि एवढ्या सांगाड्यावरूनही कथेचें ऐतिहासिक मूळ स्पष्ट होतें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर हल्ला केला. त्या दंग्यांचा रोख मुख्यतः धनधान्यापेक्षां दस्तऐवजांवर होता. कर्जरोखे, खतें, फैसलनामे हिसकावून घेऊन ते जाळावे, हा त्यांचा हेतु होता. सरकारनें चौकशी मंडळ नेमलें व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीं कायदा केला. पुढें महात्मा फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून हीच व्यथा मांडली. सुप्याच्या दंग्यास पन्नास वर्षें झालीं त्याच सालीं हा चित्रपट निघाला. हा योग जाणून साधला होता असें म्हणण्यास पुरावा नाहीं. पण पाहणाऱ्यांत तीं खतें प्रत्यक्ष पाहिलेलीं व तशींच आपल्या घरीं करून दिलेलीं माणसें खासच असतील.

आतां नायकाविषयीं. शांतारामांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा. लहानपणीं गंधर्व नाटक मंडळींत कांहीं काळ राहून, पुढें हुबळीस रेल्वेच्या कारखान्यांत काम करून, ते १९२० सालीं मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीनें कंपनींत दाखल झाले. ‘सुरेखाहरणां’त ते कृष्ण झाले, ‘सिंहगडां’त वृद्ध शेलारमामा. या दोन्ही कामांत मुकुट, दाढी, पोषाख यांचा आधार असतो. आणि प्रेक्षक कृष्णास व शेलारमामास ओळखूनच नाटकगृहांत शिरलेला असतो. ‘सावकारी पाशां’तील शेतकऱ्यास ही सोय नव्हती. त्याला पुराणांत नांव नाहीं, बखरींत जागा नाहीं. शब्दही नाहीं, कारण चित्रपट मुका. जमीन गेल्याचें दुःख तेवीस वर्षांच्या नटानें आपल्या साध्या वेषांतील देहानें व चेहऱ्यानेंच दाखवावयाचें होतें. तें त्यानें कसें दाखविलें हें पाहण्याचें साधन नष्ट झालें, हीच या विषयांतील खरी हानि होय. पुढें शांतारामांनीं स्वतः दिग्दर्शक म्हणून सामाजिक विषयांवर जें चित्र उभें केलें, त्याची पहिली पायरी आपण नांवानें जाणतों, डोळ्यांनीं जाणत नाहीं.

४

आतां साधनचिकित्सेच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. ‘सावकारी पाश’ एक नसून दोन आहेत. पहिला १९२५ सालचा मूकपट. दुसरा १९३६ सालीं बाबूराव पेंटर यांनींच कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठीं केलेला बोलपट. नांव एक, दिग्दर्शक एक, कथा एक, गांवही एक. म्हणून एकाचे गुण दुसऱ्याच्या नांवावर जमा होण्याचा धोका पदोपदीं आहे.

याचें ठळक उदाहरण म्हणजे वाडिया मूव्हिटोनचे जे. बी. एच. वाडिया यांची साक्ष. अंधुक प्रकाशांत घेतलेली एक उदास झोपडी आणि तेथें ऐकूं येणारें कुत्र्याचें विव्हळणें, या दृश्याची आठवण त्यांनीं मोठ्या आदरानें नोंदविली आहे. मूकपटाची थोरवी सांगतांना ही आठवण पुष्कळदा पुढें केली जाते. परंतु वाडियांच्या कथनाचा रोख पाहिला असतां ते स्वतःच सांगतात, कीं मूकपट आपणांस अस्पष्ट आठवतो आणि बाबूरावांची योग्यता आपणांस पटली ती बोलपट पाहिल्यावर. शिवाय अंतर्गत प्रमाणही तेंच सांगतें : कुत्र्याचें विव्हळणें मूकपटांत ऐकूं येणार कसें?

यावर पूर्वपक्ष असा मांडतां येईल, कीं मूकपटांतही वर मान करून रडणारें कुत्रें दाखवितां येतें, अथवा चित्रपटगृहांतील वाजंत्री व नकलाकार यांच्याकडून तो ध्वनि काढवितां येतो. हें शक्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शक्यता म्हणजे प्रमाण नव्हे. साक्षीदार स्वतः ज्या चित्रपटाचें नांव घेतो तो सोडून त्याची साक्ष दुसऱ्यास लावावयाची, तर त्यासाठीं स्वतंत्र पुरावा पाहिजे. सोमदेवाचा एखादा सुंदर श्लोक गुणाढ्याचा मानण्यासारखाच हा प्रकार होईल. मात्र दृष्टांतांत एक भेद आहे, तोही सांगितला पाहिजे. सोमदेव व गुणाढ्य हे निराळे ग्रंथकार. येथें दोन्ही कृति एकाच कर्त्याच्या. म्हणून बोलपट हा मूकपटाचा परक्यानें केलेला अनुवाद नसून कर्त्यानेंच सिद्ध केलेली दुसरी वाचना होय. झोपडीची मूळ कल्पना १९२५ ची असूं शकेल. तिचें वर्णन मात्र १९३६ च्या वाचनेचें म्हणूनच उद्धृत करावें.

दुसरें विधान : ‘सावकारी पाश’ हा भारतांतील पहिला सामाजिक चित्रपट. हें मागें घ्यावें. धीरेंद्रनाथ गांगुली यांचा ‘बिलेत फेरत’ हा समकालीन समाजाची थट्टा करणारा चित्रपट १९२१ सालीं कलकत्त्यास निघाला होता. ‘सावकारी पाशा’चें वैशिष्ट्य निराळें आहे. शेतकऱ्याचें कर्ज, जमिनीची हानि आणि शहराकडे स्थलांतर ही साखळी कथेचा कणा म्हणून त्यानें घेतली. यास वास्तववादाचा आरंभ म्हणावयाचें तर म्हणावें. परंतु तो अभिप्राय आहे, तिथिनिश्चय नव्हे. प्रेक्षकांनीं त्या वेळीं या प्रयोगाचें फारसें स्वागत केलें नाहीं आणि बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले, असें चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. १९२७ सालच्या ‘मुरलीवाला’ व ‘सती सावित्री’ या नांवांवरून तें पटण्यासारखें आहे.

तिसरें साधन म्हणजे आत्मचरित्रें. शांतारामांनीं उतारवयांत ‘शांतारामा’ या नांवानें आपलें चरित्र सांगितलें. तें मोलाचें आहे. परंतु प्रसंगानंतर कित्येक दशकांनीं सांगितलेली हकीकत आणि त्याच सालचा छापील अथवा हस्तलिखित कागद यांत बखर व अस्सल पत्र यांइतकेंच अंतर असतें. बखर टाकून देऊं नये व तिच्यावर सर्वस्वी विसंबूंही नये, हा नियम या मंडळींच्या संशोधनास नवा नाहीं. योगायोग असा, कीं १९२५ सालींच डॉ. सुखठणकर यांनीं पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें प्रधान संपादकत्व हातीं घेतलें. पाठ कोणत्या परंपरेंतून आला हें प्रथम विचारावें, सुंदर कोणता हें मागाहून, ही शिस्त त्यांनीं घालून दिली. चित्रपटाच्या इतिहासासही ती तितकीच लागू पडते.

५

हा चित्रपट नष्ट कां झाला? एकट्या ‘सावकारी पाशा’पुरतें उत्तर शोधण्यापेक्षां सर्व मूकपटांची गति पाहणें अधिक उपयोगी होईल. हिंदुस्थानांत १९१३ पासून सुमारें दोन दशकांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकीं पूर्ण अथवा त्रुटित स्वरूपांत टिकलेले तीसच्या आगेमागें आहेत. त्या काळच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या. हा पदार्थ झटकन् पेट घेतो व उष्ण-दमट हवेंत आपोआप विघटन पावतो. त्यांतच फितीवरील चांदी काढून विकण्याचा धंदा होता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस ‘आलम आरा’ हा बोलपट लागला आणि मूकपट बाजारांतून उठला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली. तिच्यांतून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम व सीताराम कुलकर्णी यांनीं १ जून १९२९ रोजीं प्रभात कंपनी स्थापिली होती, व ती १९३३ सालीं पुण्यास गेली. जुन्या फितींस मालक उरला नाहीं, आणि ज्यांस मोल कळत होतें ते नव्या उद्योगांत गुंतले. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, म्हणजे ‘सावकारी पाश’ निघाल्यावर एकोणचाळीस वर्षांनीं. वर सांगितलेल्या १९२७ सालच्या दोन चित्रपटांचे कांहीं भाग वांचले, हेंच आश्चर्य.

६

फीत गेली तरी कागद असूं शकतात. बाबूराव पेंटर हे चित्रपटाबरोबर माहितीपुस्तिका छापून घेत. तींत कथेचा सारांश व छायाचित्रें असत. भित्तिपत्रकें ते स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिन्या’चें भित्तिपत्रक हें आपल्या देशांतील टिकलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत गणलें जातें. म्हणून ‘सावकारी पाशा’चे असे कागद एखाद्या पेटींत असण्याची आशा धरणें अगदींच वेडेपणाचें नाहीं. कौटिल्याचें अर्थशास्त्र शतकानुशतकें केवळ उल्लेखांवरून ठाऊक होतें. १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथालयांत तें शामशास्त्री यांच्या हातीं पडलें.

असा कागद हातीं आल्यास तो मूकपटाचा कीं बोलपटाचा हें ओळखण्याच्या खुणा येथें देतों. महाराष्ट्र फिल्म कंपनीचें नांव असल्यास तो १९२५ चा, शालिनी सिनेटोनचें असल्यास १९३६ चा. गाण्यांचे शब्द छापलेले असतील तर तो बोलपटाचा समजावा. छायाचित्रांत तरुण शांताराम, झुंजारराव पवार, कमलादेवी हीं एकत्र दिसल्यास तें चित्र मूकपटाचें. कारण १९३६ सालीं शांताराम पुण्यास प्रभातमध्यें होते. मूकपटास ‘इंडियन शायलॉक’ असें दुसरें नांवही होतें. तें दिसल्यास विशेष काळजी घ्यावी. कागद डिंकानें चिकटवूं नये, त्यास प्लॅस्टिकचा मुलामा देऊं नये, आणि तो कोणाच्या घरून, कोणत्या कागदांबरोबर आला हें तेव्हांच टिपून ठेवावें. फितीचा डबा निघाल्यास ती यंत्रावर चढवूं नये, विस्तवापासून दूर थंड जागीं ठेवून पुण्याच्या संग्रहालयास कळवावें.

ही काळजी आम्ही अनुभवानें सांगतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत नवे रुजू झालों असतां, शिवाजी पेठेंतील एका वृद्ध गृहस्थांनीं वाडा रिकामा करतांना आम्हांस बोलाविलें. ओसरीवर दोन वस्तु होत्या : मोडी कागदांचा एक रुमाल, आणि जुन्या छापील कागदांनीं भरलेली पत्र्याची पेटी. ‘मास्तर, सिनेमाच्या कंपनींतले कागद आहेत, हवे तर न्या,’ असें ते म्हणाले. आम्हीं रुमाल उचलला. पेटीचें झांकण उघडून वरच्या दोन जाहिराती पाहिल्या आणि तें पुन्हा लावलें. पुढें वाडा पाडला गेला व पेटी रद्दीवाल्याकडे गेली. त्या पेटींत ‘सावकारी पाश’ होता असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्याचा अधिकार आम्हीं त्याच दिवशीं गमावला.

रुमाल मात्र अभ्यासला. त्यांत एका सावकाराचीं कर्जखतें होतीं : मुद्दल, व्याज, गहाण जमिनीच्या चतुःसीमा, खालीं कुळाची निशाणी नांगर. एकूण एक खत शाबूत. सावकारानें आपले कागद जपले, कारण त्यांवर त्याचा पैसा होता. आणि आम्हीं ते जपले, कारण ते मोडींत होते. नांगराची निशाणी करणाऱ्या माणसाची बाजू मांडणारा कागद आमच्या दप्तरांत नाहीं. ती बाजू बाबूराव पेंटर यांनीं एकदां चित्रांत मांडली आणि शांतारामांनीं तिला चेहरा दिला. तो चेहरा आज दिसत नाहीं, यांत नायट्रेटचा दोष आहे, बाजाराचा आहे, आणि लिपी पाहून कागदाचें मोल ठरविणाऱ्या आमच्यासारख्यांचाही आहे.

म्हणून संग्राहकांस विनंती, कीं जुना वाडा उतरत असेल तेथें मोडी रुमालाबरोबर छापील कागदांची पेटीही उचलावी, आणि झांकण लावण्यापूर्वीं तळापर्यंत पाहावें.